गारठ्यात गप्प बसायचं तर

नागपूरला थंडी पडते असं पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगितलं की तो हसतो. त्याचाही दोष नाही. नागपूरचं नाव पेपरात येतं ते मे महिन्यात, आणि २३ मे २०१३ ला इथला पारा ४७.९ अंशांवर गेला होता हे त्याने कुठेतरी वाचलेलं असतं. पण याच गावात २९ डिसेंबर २०१८ ची पहाट ३.५ अंशांवर उजाडली होती. समुद्र लांब, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब वर सोडून मोकळी होते, आणि त्यात उत्तरेचा वारा सुटला की दुपारी अर्ध्या बाह्यांच्या शर्टात हिंडणारं शहर पहाटे दातावर दात आपटतं. गंमत म्हणजे आम्हा नागपूरकरांचाही आपल्या थंडीवर पुरता विश्वास नाही. कूलरच्या ताट्या कधी बदलायच्या, मोटर कुणाकडून भरून घ्यायची, यावर आम्ही तासभर बोलू शकतो. थंडीची तयारी म्हणाल तर एक स्वेटर, लग्नात आलेली शाल आणि कानटोपी. संपलं.

चालतंही तेवढ्यावर, कारण शहरातली थंडी ही हलत्या माणसाची थंडी असते. दूध आणायला जा, मुलाला शाळेच्या बसपर्यंत सोडा, फुटाळा तलावाला फेरी मारा, अंगात ऊब येते. खरी परीक्षा बसलेल्या माणसाची. मी हिवाळ्यात उमरेड, मौद्याच्या बाजूला जुन्या मालगुजारी तलावांवर पक्षी बघायला जातो. चक्रवाक, तलवार बदकं, आणि नशीब जोरावर असेल तर पट्टकादंब. हा पट्टकादंब म्हणजे एक रानहंस, तो तिबेटच्या पठारावर घरटी करतो आणि हिमालय ओलांडून आपल्याकडे उतरतो. साधारण त्याच दिवसांत नागपुरात तिबेटी लोकांचा स्वेटरचा बाजार लागतो, आणि दोघांना एकदम आलेलं बघून मला दरवर्षी उगाच बरं वाटतं.

ही बदकं तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, माणूस चढताना दिसला की उठतात. नुसती उठत नाहीत, पार पलीकडच्या तलावावर जातात. तेव्हा उजाडायच्या आत जाऊन, बेशरमाच्या झुडपांच्या आड बूड टेकायचं, आणि ऊन पाण्यावर येईपर्यंत हलायचं नाही. हलायचं नाही म्हणजे दुर्बीण डोळ्यांपर्यंत नेणं हासुद्धा विचार करून करायचा उद्योग. पहिला अर्धा तास कुणालाही जमतो. पुढे पायाची बोटं जातात, मग पाठीत एक गार पट्टा उमटतो, मग खांदे आपोआप कानांकडे सरकतात. मग माणूस ‘जरा’ हलतो.

आपल्याकडे स्थिर बसणं ही मनाची कर्तबगारी मानतात. ध्रुवबाळ बसला, विश्वामित्र बसले, कुणी एका पायावर वर्षानुवर्षं उभा राहिला. त्यामुळे तलावावर कुणी चुळबुळ केली की ग्रुपमधला ज्येष्ठ हमखास म्हणतो, “मन एकाग्र करा, थंडी वाजत नाही.” मला हे मुळीच पटत नाही. थंडी वाजते. शरीर गारठलं की ते मनाला न विचारता हलतं. हुडहुडी हे त्याचं उष्णता तयार करण्याचं साधन आहे, तुमच्या एकाग्रतेचं त्याला काही पडलेलं नाही. गप्प बसणं हा ऐंशी टक्के कपड्यांचा प्रश्न आहे. उरलेल्या वीस टक्क्यांत वाटलं तर मनोनिग्रह घाला.

हे शहाणपण मला कुणा पक्षीतज्ज्ञाने दिलं नाही. ते दिलं माझ्या भाच्याने, जो अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो आणि धनुष्यबाणाने हरणाची शिकार करतो.

हे वाक्य आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारलं गेलं तेव्हा ताईने फोन बंद करून टाकला होता. वास्तविक ज्या घरात आठवड्यातून दोनदा सावजी रस्सा शिजतो, त्या घराने हरणापुरतं कानावर हात ठेवण्याचं कारण नव्हतं. तिकडे शिकारीला परवाना असतो, सप्टेंबरपासून ठरलेला हंगाम असतो, आणि मारलेलं हरीण वर्षभर फ्रीजरमधून निघत राहतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचं दार बंद केलं, ते बंद झालं याचा मला आनंदच आहे, आणि मला स्वतःला बाण सोडण्याची हौस नाही. पण भाच्याशी बोलता बोलता कळलं की गारठ्यात गप्प बसण्याचा अभ्यास जगात या धनुर्धारी शिकाऱ्यांइतका कुणीच केलेला नाही.

बंदूकवाल्याला शंभर-दीडशे मीटरवरून चालतं. धनुष्यवाल्याला हरीण वीस-पंचवीस मीटरवर यावं लागतं. आताचं शिकारीचं धनुष्य बहुतेक कम्पाउंड जातीचं. टोकांना चाकं, त्यांवरून दोऱ्या. हॉलिस विल्बर ॲलन नावाच्या अमेरिकन माणसाला १९६९ मध्ये त्याचं पेटंट मिळालं. चाकं फिरली की शेवटच्या ताणात बरंचसं वजन हलकं होतं. म्हणजे ओढताना साठ पौंड, सत्तावीस किलोच्या आसपास, आणि पूर्ण ओढून धरल्यावर हातावर उरतं बारा-पंधरा पौंड. याच जातीच्या धनुष्यावर आमच्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन जगज्जेतेपद मिळवलं आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत तीन सुवर्णपदकं आणली. तेव्हा हे धनुष्य नागपूरला अगदीच परकं नाही. फरक असा की स्पर्धेतलं लक्ष्य पन्नास मीटरवर जागच्या जागी असतं आणि त्याला कान नसतात.

हरणाला असतात. भाच्याने एकदा हिशेब मांडून दाखवला होता. बाण सेकंदाला पंच्याऐंशी मीटर जातो, दोरी सुटल्याचा आवाज सव्वातीनशेहून जास्त. वीस मीटरवरच्या हरणापाशी आवाज बाणाच्या बऱ्याच आधी पोचतो, आणि मधल्या सेकंदाच्या पाचव्या-सहाव्या हिश्शात हरीण उडी घेण्यासाठी पाय दुमडून खाली दबतं. बाण पाठीवरून निघून जातो. म्हणून ते लोक दोरीला रबराचे नाहीतर लोकरीचे गोंडे बांधतात, बाण टेकतो तिथे फेल्टचा तुकडा चिकटवतात, झाडावरच्या लोखंडी बैठकीवर सतरंजीचा तुकडा अंथरतात आणि प्रत्येक बकलाला कापडी पट्टी गुंडाळतात. आपल्या पुराणातला शब्दवेधी दशरथ याच्या नेमक्या उलट बाजूला उभा आहे. अंधारात घागर भरण्याचा बुडबुड आवाज त्याने ऐकला, हत्ती समजून बाण सोडला आणि श्रावणबाळ गेला. तिथे शिकारी आवाजावर टपलेला, इथे शिकार.

तर हा भाचा नोव्हेंबर-डिसेंबरात उणे आठ-दहा अंशांत झाडावर बसतो, आणि तीन-चार तास बसतो. मी त्याला विचारलं, “तू काय घालून बसतोस रे?” तर तो म्हणाला, “मामा, काय घालतो ते नंतर. आधी काय काढतो ते ऐका.”

गाडीपासून झाडापर्यंत तो जवळजवळ उघडाच जातो. म्हणजे अंगात एक पातळ थर, टोपीसुद्धा खिशात, आणि जाडजूड कोट पाठीवर बांधलेला. चालताना शरीर भरपूर उष्णता काढतं, तेव्हाच सगळं घातलं तर घाम येतो, आणि बसल्यावर तोच घाम माणसाला गारठवतो. बसलेलं शरीर शंभर वॅटच्या आसपास उष्णता देतं, त्यातली ओला बनियन किती खाणार! बनियन सुती असेल तर विचारूच नका, सूत पाणी धरून ठेवतं. आपण काय करतो? घरातून निघतानाच स्वेटर, त्यावर जॅकेट, मफलर, कानटोपी असा सगळा सरंजाम चढवतो, पाळीपर्यंत दोन किलोमीटर झपझप चालतो आणि पोचल्यावर म्हणतो, वा, अजिबात थंडी नाही! ती पंधरा मिनिटांनी येते, पाठीकडून. भाच्याचा नियम आहे की पोचेपर्यंत थोडं काकडलंच पाहिजे. पोचल्यावर पाच मिनिटं दम टाकायचा, अंग कोरडं होऊ द्यायचं, आणि मग कोट चढवायचा.

दुसरी गोष्ट पायांची. थंडी वाजते म्हणून दोन मोजे घालून तोच जुना बूट ओढला की पाय आवळला जातो, रक्त पुढे जात नाही, आणि दोन मोज्यांत पाय एका मोज्यापेक्षा जास्त गार पडतो. एक जाड लोकरीचा मोजा, बूट एक माप मोठा, आणि बुटाखाली काहीतरी. जमीन ऊब ओढून घेते. आमच्याकडे पॅकिंगचं थर्माकोल असतं, पण ते करकरतं. जुन्या योगा मॅटचा तुकडा उत्तम. बुडाखाली एक, पायाखाली एक.

आता कपड्याचा आवाज. बाजारात मिळणारं चकचकीत फुगीर जॅकेट उबदार असतं यात शंका नाही, पण त्याची बाही कुशीला घासली की सर्र होतं. रस्त्यावर ते कुणाला ऐकू येत नाही. पहाटे तलावावर येतं, आणि लांबपर्यंत येतं. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने गरम असली की वर निघालेला आवाज वाकून पुन्हा खाली येतो. म्हणून तर हिवाळ्यातल्या पहाटे लांबच्या रुळांवरची मालगाडी अंगणातून गेल्यासारखी वाटते. अशा हवेत एकदा आमच्यातल्या एकाने खिशाचं वेल्क्रो उघडलं. चर्रर्र! पलीकडच्या काठाला बसलेली सगळी तलवार बदकं एकदम माना ताठ करून उभी. उडाली नाहीत, पण पुढे अर्धा तास चरलीही नाहीत. त्याला खिशातून काय हवं होतं? खोकल्याची गोळी. तिच्या वेष्टनाचा कागद उलगडायचं धाडस मग त्याला झालं नाही, आणि बिचारा तोंडावर मफलर दाबून खोकत राहिला.

पायाखालचा आवाज वेगळाच. सागाचं वाळलेलं पान म्हणजे भाजलेला पापड. पहाटेच्या दवात ते मऊ असतं तोवर जाऊन बसायचं, कारण ऊन चढल्यावर त्याच वाटेने चोरपावलांनी जाणं वाघालाही जड जात असेल. भाचा तर बसण्याच्या जागेभोवतीची पानं हाताने बाजूला करून माती उघडी करतो, म्हणजे पाय बदलला तरी आवाज नको.

कपड्याला त्याचं उत्तर आहे लोकर. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत नाही आणि घासली तरी बोलत नाही. तो महागातली मेरिनो वापरतो, आणि त्याची किंमत ऐकून मी ट्रंकेतून आजोबांची घोंगडी काढली. काळी, धनगराकडून घेतलेली, कडेला पांढरा पट्टा. अंगाला टोचते, वजनाला दांडगी, एका कोपऱ्याला उंदराने कुरतडलेली. पण डोक्यावरून घेऊन गुडघ्यांखाली खोचली की आत एक खोली तयार होते. आतल्या आत हात काखेत घाला, दुर्बीण पोटाशी धरा, बोटं चोळा, बाहेर काही म्हणजे काही दिसत नाही आणि ऐकू येत नाही. शिवाय माणसाचा आकारच उरत नाही. दोन हात, मान, खांदे, ज्यांना पक्षी बिचकतात, ते सगळं गायब. काठावर एक काळा दगड. तिकडच्या कंपन्या छपाईच्या पानाफुलांचे कपडे विकून हेच साधायला बघतात.

एकदा या अवतारात बसलो असताना शेजारच्या शेतातला शेतकरी माझ्यापाशी येऊन उभा राहिला. त्याच्या गव्हाला रात्रीचं ओलीत चालू होतं. शेताला तेव्हा वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, असा क्रम होता, आणि त्या आठवड्यात त्याची लाइन रातची होती. पँट गुडघ्यापर्यंत, पाय चिखलात, खांद्यावर फावडं, डोक्याला दुपट्टा. म्हणाला, “एवढ्या थंडीत काहून बसून राहिले जी भाऊ?” मी सांगितलं पाखरं बघतोय. त्याने माझ्याकडे पाहिलं, घोंगडी, मॅट, दुर्बीण, थर्मास, बॅग, सगळं एकेक करून पाहिलं आणि म्हणाला, “चूप बसाले एवढं सामान लागते?”

त्याचा माझ्यापेक्षा उलटा व्यवहार. पलीकडे त्याचा हरभरा, त्याला मचाण बांधलेलं, आणि ओलीत नसेल त्या रात्री तो तिथे जागल करतो. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगायी, येऊ नयेत म्हणून रात्रभर डबा बडवायचा, आरोळ्या ठोकायच्या, टॉर्च फिरवायचा. त्याला ऊबही पुरते, कारण तुराट्यांची शेकोटी पेटवायला त्याला कुणाची भीती नाही, उलट जाळ दिसलेलाच बरा. थंडीत जागायचं, पण दणक्यात. चिखलात उभं राहून पाण्याचे बारे फोडणारा तो, आणि घोंगडीत गुरफटून पाखरांसाठी श्वास रोखणारा मी, यात थंडी नक्की कुणाला वाजत होती हे सांगायला नकोच. शेकोटीवर चहा झाला तेव्हा त्यानेच मला हाक मारली. बदकं त्या हाकेने हललीसुद्धा नाहीत. त्याचा आवाज त्यांना रोजचा.

चहावरून आठवलं. थर्मास नेऊच नये या मताला मी आलोय. गारठ्यात कातडीकडचं रक्त आत ओढलं जातं, मूत्रपिंडांना वाटतं शरीरात पाणी जास्त झालं, आणि एरवी तीन तास निवांत बसणारा माणूस तासाभरात अस्वस्थ होतो. त्यात वर दोन कप चहा! धनुर्धारी शिकारी यासाठी झाडावर बाटली घेऊन चढतात, भाच्याने हे अगदी निर्विकारपणे सांगितलं. त्यापेक्षा गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे. शेंगदाणे सोललेले, प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, रुमालात.

हातांचं मात्र अजून जमलेलं नाही. जाड हातमोज्यांत दुर्बिणीचं चाक फिरत नाही, पातळ मोज्यांत बोटं बधिर होतात. भाचा पातळ मोजे घालतो आणि पोटावर बांधलेल्या लोकरी नळकांड्यात दोन्ही हात खुपसून बसतो, आत हात गरम करायच्या पुड्या. त्या पुडीत लोखंडाचा भुगा, मीठ आणि कोळसा असतो. हवा लागली की लोखंड गंजायला लागतं आणि गंजताना उष्णता सोडतं. नागपुरात त्या मागवाव्या लागतात. माझ्या मते आपल्या थंडीला एवढे लाड करण्याचं कारण नाही, पण डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात साडेपाच वाजता हे मत जरा डळमळतं.

हे सगळं फुकट ज्याला मिळालंय तो प्राणी मी मागच्या हिवाळ्यात जवळून पाहिला. पाळीच्या उतारावरून रानमांजर आलं. पिवळट राखाडी, लांब पाय, कानांच्या टोकाला बारीक काळे केस. माझ्यापासून दहा-बारा पावलांवर गवताच्या कडेला बसलं. बसताना आधी पुढचे पंजे जोडून घेतले आणि मग शेपटी वळवून त्यांच्यावर पांघरली. सगळे केस फुगवलेले, त्यामुळे मूळ आकाराच्या दीडपट. नाकातून वाफ निघत होती, तीही थोडी थोडी. कान मात्र एकेक करून फिरत होते, बाकी काही हलत नव्हतं. गवतात उंदीर असावा. मांजराने वाट पाहिली, पाहिली, आणि अचानक उंच उडी घेऊन चारी पाय एकत्र आपटले. चुकलं. मग ते क्षणभर पंजा चाटत बसलं, जणू उडी मारलीच नव्हती, आणि निघून गेलं. माझ्या काळ्या दगडाकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

भाच्याला मी ही हकीकत फोनवर सांगितली, घोंगडीचा फोटोही पाठवला. त्याला मांजरापेक्षा घोंगडीच भावली. आता ती त्याला हवी आहे, झाडावर पांघरायला. मी म्हटलं घेऊन जा, माझ्यासाठी दुसरी बघेन. त्याने पहिला प्रश्न केला तो वासाचा. बदकांना वासाचं फारसं काही नसतं, हरणाला असतं, आणि त्याच्यापुढे सगळी लोकर, सगळी शांतता व्यर्थ. हे लोक कपडे बिनवासाच्या साबणाने धुतात, रानातल्या पानांसोबत पिशवीत बांधून ठेवतात, वारा आपल्याकडून हरणाकडे वाहत असेल तर त्या झाडावर चढतच नाहीत. ही काळजी जुनीच आहे. कॅलिफोर्नियातल्या ‘याही’ नावाच्या आदिवासी जमातीतला इशी हा माणूस १९११ मध्ये जंगलातून बाहेर आला. त्याने सॅक्स्टन पोप या डॉक्टरला धनुष्याची शिकार शिकवली. हा इशी शिकारीच्या आदल्या दिवसापासून मासे आणि तंबाखू बंद ठेवायचा आणि पहाटे ओढ्यात अंघोळ करून अंगाला सुवासिक पाला चोळायचा.

“मामा, घोंगडीला मेंढीचा वास येतो का?” त्याने विचारलं.

मी ट्रंकेतून काढून नाकाला लावली. मेंढी तिच्यात केव्हाच राहिली नव्हती. होत्या त्या त्याच्या मामीने पावसाळ्यात टाकलेल्या डांबराच्या गोळ्या, आणि त्यांचा वास असा की विस्कॉन्सिनची हरणं थेट कॅनडात गेली असती. धुऊन जाईल का, असं मामीला विचारलं तर ती म्हणाली धुवायची नाही, आटेल. शेवटी ठरलं आहे की मे महिन्यात ती गच्चीवर टाकायची, महिनाभर, रोज उलटून. पंचेचाळीस अंशांत डांबराच्या गोळीचं काय उरतं ते बघू, आणि मग द्यायची पाठवून.